जळके तेल कोणाला विकता?

पुणे-नाशिक रस्त्यावर मंचर, नारायणगाव, आळेफाट्याला कढया दिवसभर तापतात. उरलेले काळे तेल स्वस्तात उचलणाराही भेटतो. पण ते दुसऱ्याच्या कढईत गेले, तर त्यात आपलाही हात आहे, असे आम्हाला वाटते.

तेल वारंवार तापवल्याने त्यात ध्रुवीय संयुगे वाढतात. १ जुलै २०१८ पासून त्यांची मर्यादा २५ टक्के आहे. मीटर नसेल तर फेस, धूर, चिकटपणा पाहावा. तळणाला रोज ५० लिटरहून जास्त तेल लागणाऱ्यांनी १ मार्च २०१९ पासून नोंद ठेवून ते अधिकृत संकलकालाच द्यायचे आहे. त्यापासून बायोडिझेल बनते. गाडीवाल्यांनी चार-पाच जणांत मिळून डबे साठवावेत. पावती न देणाऱ्याला डबा देऊ नये.