केळं नाही, पण वास केळ्याचा!

उन्हाळ्याच्या सुट्टीत गारेगारवाल्याची घंटा वाजली की आपण धावतोच. 'केळ्याची' कांडी चोखली की तोंडभर केळ्याचा वास येतो. पण बालमित्रांनो, त्या कांडीत केळं असतं का? बहुतेक वेळा नाही! मग वास कुठून आला?

तो येतो आयसोअमाइल ॲसिटेट या पदार्थापासून. नाव अवघड, पण घडण सोपी. कार्बनचे ७, हायड्रोजनचे १४ आणि ऑक्सिजनचे २ अणू. पिकणाऱ्या केळ्यात तो आपोआप तयार होतो. कारखान्यात तोच पदार्थ आयसोअमाइल अल्कोहोल आणि व्हिनेगरमधलं आम्ल एकत्र तापवून बनवतात.

हे अल्कोहोल आपल्या उसातूनही मिळतं बरं का! कळंब तालुक्यात रांजणीला साखर कारखाना आहे. साखर काढल्यावर उरते ती काळी, चिकट मळी. मळी आंबवून अल्कोहोल काढतात, तेव्हा फ्युझेल ऑइल नावाचा उग्र वासाचा तेलकट भाग वेगळा निघतो. आयसोअमाइल अल्कोहोल असतं ते त्यातच. नाक मुरडावं अशा तेलातून केळ्याचा गोड वास! आहे की नाही गंमत?

मधमाशी डंख मारते तेव्हाही हाच पदार्थ सोडते. इतर माश्यांना तो हल्ल्याचा इशारा असतो. म्हणून एक माशी चावली, तर हात झटकत तिथेच थांबू नका. लांब जा.

मग कांडीतला वास खोटा का? नाही, रेणू तोच आहे. फक्त खऱ्या केळ्यात असे कितीतरी वास एकत्र नांदतात. कांडीत एकटाच असतो, म्हणून तो भडक वाटतो.

'केमिकल आहे, खाऊ नकोस!' असं आई म्हणते. पण केळंसुद्धा रसायनांचंच बनलेलं आहे. ठरवून दिलेल्या प्रमाणातला खाण्याचा इसेन्स म्हणजे विष नव्हे. खरी फसगत वेगळीच आहे. नाक म्हणतं 'फळ खाल्लं', पण पोटात जातं साखर, रंग आणि पाणी. केळ्यातलं पोटॅशियम नाही, तंतू नाहीत. शिवाय ते पाणी कुठलं?

म्हणून पाकिटावरची बारीक अक्षरं वाचायची सवय लावा. स्वाद नैसर्गिक आहे की कृत्रिम, ते तिथे लिहिलेलं असतं. उघड्या कांडीवर मात्र काहीच लिहिलेलं नसतं. तिथे एकच उपाय, विकणाऱ्या काकांना विचारा, "काका, बर्फ कुठल्या पाण्याचा?"