बेट कुणाचे, मिळकत कुणाची?

इंदूरहून दक्षिणेकडे निघालेला रस्ता घाट उतरून निमाडात शिरतो आणि सुमारे ऐंशी किलोमीटरांवर नर्मदेच्या काठी पोहोचतो. समोर मांधाता बेट दिसते. एका अंगास नर्मदा, दुसऱ्या अंगास कावेरी या नावाने ओळखला जाणारा प्रवाह आणि या दोहोंच्या मध्ये बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक, ओंकारेश्वर. बेट म्हटले की किनाऱ्यावर राहणाऱ्या आपणांस समुद्र आठवतो. दिवाडी, चोडण किंवा मालवणसमोरचा सिंधुदुर्ग डोळ्यांपुढे येतो. परंतु समुद्रापासून इतक्या दूर असलेल्या या बेटापुढे आज जो प्रश्न उभा आहे, तो आपल्या बेटांनाही चुकलेला नाही. पाहुणा येतो, त्याच्यामागून पैसा येतो. मग बेटाच्या पदरात नेमके काय पडते?

ओंकारेश्वराची यात्रा जुनी आहे. तिला आलेला पूर नवा आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये उज्जैनला ‘महाकाल लोक’ खुले झाले आणि तेथे येणाऱ्यांचे लोंढे इंदूरमार्गे ओंकारेश्वराकडेही वळू लागले. सप्टेंबर २०२३ मध्ये मांधाता पर्वतावर आद्य शंकराचार्यांचा १०८ फुटी पुतळा उभा राहिला. त्याभोवतीच्या प्रकल्पाचा आराखडा दोन हजार कोटी रुपयांच्या पुढचा आहे, आणि त्यासाठी होणाऱ्या वृक्षतोडीवर त्या वेळी आक्षेपही घेतले गेले. पुढे २०२८ मध्ये उज्जैनचा सिंहस्थ येत आहे. पायी परिक्रमा करता येण्याजोगे हे चिमुकले बेट. त्याची जमीन वाढणार नाही, पाणी वाढणार नाही, माणसे मात्र वाढणार आहेत.

शिवाय हे पाणी आता पूर्वीचे राहिलेले नाही. बेटाच्या वरच्या अंगाला ओंकारेश्वर धरण आहे, त्याच्याही वर इंदिरासागर. नदी कधी चढावी आणि कधी उतरावी, हे पावसाइतकेच वीजनिर्मितीच्या वेळापत्रकावर ठरते. ७ एप्रिल २००५ रोजी देवास जिल्ह्यातील धाराजी येथे अमावास्येच्या मेळ्यास जमलेले पन्नासांहून अधिक यात्रेकरू इंदिरासागरमधून सोडलेल्या पाण्यात वाहून गेले. नदीकाठी पर्यटन वाढवू पाहणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याने ही तारीख आपल्या टेबलावर लिहून ठेवावी. त्याच इंदिरासागरच्या विस्तीर्ण जलाशयात २०१६ पासून हनुवंतियाचा जलमहोत्सव सुरू झाला. तंबू, नौका, दिव्यांची रोषणाई हे सारे देखणे खरे. पण या जलाशयासाठी २००४ मध्ये हरसूद हे नांदते गाव उठवण्यात आले आणि सुमारे अडीचशे गावे पूर्णतः वा अंशतः बुडाली. ज्यांची घरे त्या पाण्याखाली आहेत, त्यांच्या मुलांना त्याच पाण्यावरच्या उत्सवात मालकीचा वाटा मिळावयास नको काय? की त्यांनी केवळ पाहुण्यांची सामानसुमाने उचलावीत?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. ओंकारेश्वराच्या खाली, नर्मदेच्याच काठी, महेश्वर आहे. अहिल्याबाई होळकरांनी तेथे राजधानी वसवली, घाट बांधले आणि त्याचबरोबर विणकरही आणून वसवले. घाट बांधणारे राज्यकर्ते आपल्या इतिहासात पुष्कळ झाले. घाटालगत माग चालले पाहिजेत, हे ओळखणारे थोडे. पुढे हा धंदा मोडकळीस आला, तेव्हा १९७०च्या दशकाच्या अखेरीस रिचर्ड आणि सॅली होळकर यांनी ‘रेहवा सोसायटी’ काढली. किल्ल्याच्या आवारात माग सुरू झाले. बायका विणू लागल्या. किल्ल्याच्या भिंतींवरील नक्षी महेश्वरी साडीच्या किनारीवर उतरली. विक्रीतून मजुरी तर निघालीच. विणकरांसाठी घरे आणि त्यांच्या मुलांसाठी शाळाही उभी राहिली. धंदा धंद्यासारखा चोख करावा, पण नफा हे साधन आणि समाजाचे हित हे साध्य मानावे, याला आज सामाजिक उद्योजकता म्हणतात. शब्द नवा असेल. महेश्वरने त्याचा अर्थ फार आधी दाखवून दिला आहे.

यावर कोणी म्हणेल की, साडी देशभर विकता येते, नावेतली फेरी विकता येत नाही. सरकारने कोट्यवधी रुपये ओतल्याविना पर्यटन वाढणार तरी कसे? आक्षेप अगदीच निराधार नाही. रस्ते, पूल, रुग्णालय, सांडपाण्याची व्यवस्था ही सरकारचीच कामे आहेत आणि ती त्याने केलीच पाहिजेत. परंतु पाहुण्यांची संख्या वाढली म्हणजे बेट सुधारले, हा हिशेब खोटा आहे. फिलिपिन्समधील बोराकाय या जगप्रसिद्ध बेटावर सांडपाणी थेट समुद्रात जाऊ लागले, तेव्हा २०१८ मध्ये तेथील सरकारला ते सहा महिने पर्यटकांसाठी बंद ठेवावे लागले. त्या सहा महिन्यांत नुकसान कोणाचे झाले? मोठ्या हॉटेलवाल्यांचे झाले, तसेच रोज कमावून रोज खाणाऱ्यांचेही झाले. आणि दुसऱ्यांच्या गाठीशी काही नव्हते.

इंदूरकडेही या बाबतीत एक देणे निघते. स्वच्छतेच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात हे शहर २०१७ पासून वर्षानुवर्षे पहिले येत आले. घराघरांत ओला आणि सुका कचरा वेगळा होऊ लागला. ओल्या कचऱ्यापासून वायू तयार करणारा मोठा प्रकल्प २०२२ मध्ये सुरू झाला. कचऱ्यातूनही मिळकत होते, हे ज्या शहराने सिद्ध केले, त्या शहराचा नागरिक रविवारी नर्मदेवर जातो तेव्हा ती शिस्त घरी ठेवून जाणार असेल, तर त्या पहिल्या क्रमांकाची शोभा काय? इंदूरच्या महापालिकेने ही विद्या ओंकारेश्वराच्या छोट्या नगर परिषदेस शिकवावी आणि बेटावरच्या स्त्रियांच्या बचत गटांनी ती धंदा म्हणून चालवावी.

आमच्या मते चार गोष्टी सिंहस्थापूर्वी झाल्या पाहिजेत. नावाड्यांची सहकारी संस्था असावी. दर तिने ठरवावेत आणि प्रत्येक नावेत प्रवाशागणिक जीवरक्षक जाकीट असल्याखेरीज नाव सुटू नये. धरणाचे पाणी सोडण्यापूर्वी भोंगा वाजवणे आणि घाट रिकामे करणे यांची जबाबदारी नावानिशी एका अधिकाऱ्यावर असावी. वाहनतळ आणि तत्सम शुल्कांचा ठरावीक हिस्सा बेटाच्या देखभालीसाठी बेटावरच राहावा. आणि एका दिवशी बेटावर किती माणसे सुखरूप मावतात, याचा आकडा ठरवून तो पाळावा.

हे लिहिताना आमच्या नजरेसमोर केवळ नर्मदा नाही. चोडणच्या पश्चिम टोकाला खारफुटीत पक्षी पाहण्यास येणारा प्रवासी, दिवाडीस फेरीबोटीने उतरणारा पाहुणा, मालवणच्या धक्क्यावरून सिंधुदुर्गास जाणारी सहल, या साऱ्यांना हाच हिशेब लागू आहे. वल्हे ज्याच्या हाती आहे, त्याच्या घरी चूल नीट पेटते काय, हे आधी पाहावे. ती पेटत असेल तर बेट टिकेल, नदीही जपली जाईल. कारण ज्याचे पोट तिच्यावर अवलंबून असते, तो सहसा तिला घाण होऊ देत नाही.