तांत्रिक शब्दांचे उच्चार : वाद आणि विवेक

शाळांत संगणक आल्यापासून बालकांपुढे अनेक नवे परभाषी शब्द येऊ लागले आहेत. त्यांचा शुद्ध उच्चार कोणता, असा प्रश्न वर्गात वारंवार उद्भवतो. तो सोडविताना एक गोष्ट ध्यानात घेणे अगत्याचे आहे : संगणकाच्या आज्ञावली लिहिणाऱ्या प्रोग्रामर मंडळींतही याविषयी एकमत नाही.

चित्रे साठविण्याची एक पद्धती १९८७ साली अमेरिकेतील कॉम्प्युसर्व्ह कंपनीत स्टीव्ह विल्हाइट यांच्या नेतृत्वाखाली तयार झाली. ‘ग्राफिक्स इंटरचेंज फॉरमॅट’ या शब्दांच्या आद्याक्षरांवरून तिला नाव मिळाले. विल्हाइट त्याचा उच्चार ‘जिफ’ असा करीत. पण मूळ शब्द ‘ग्राफिक्स’ असल्याने ‘गिफ’ हेच योग्य, असे अनेकांचे म्हणणे. यावर प्रतिपक्ष विचारतो, ‘जेपेग’ या दुसऱ्या पद्धतीच्या नावातील ‘प’ फोटोग्राफिक या शब्दातून आला आहे. मग ‘जेफेग’ का म्हणत नाही? २०१३ साली एक पुरस्कार स्वीकारताना विल्हाइट यांनी आपला उच्चार पडद्यावर लिहून दाखविला, तरी वाद मिटला नाही.

माहितीसंचयातून उत्तरे शोधणाऱ्या एका संगणकभाषेचे नाव १९७४ साली ‘सीक्वेल’ असे होते. ते दुसऱ्या एका कंपनीचे व्यापारचिन्ह असल्याने पुढे आखूड करावे लागले. आता कोणी ‘एस-क्यू-एल’ म्हणतात, कोणी जुन्या सवयीने ‘सीक्वेल’च म्हणतात. फिनलंडच्या लिनस टॉरवाल्ड्स यांनी १९९१ साली निर्मिलेली प्रणाली ते स्वतः ‘लीनुक्स’ म्हणत. इंग्रजी वळणाने तिचे ‘लिनक्स’ झाले, तर काहींनी ‘लायनक्स’ही केले.

या मतभेदांचे मूळ लिपीत आहे. इंग्रजीत ‘जी’ हे एकच अक्षर कधी ‘ग’, तर कधी ‘ज’ असा ध्वनी देते. मराठीलाही हा अनुभव नवा नाही. ‘चमचा’ आणि ‘चंद्र’, ‘जाळे’ आणि ‘जिल्हा’ यांतील आद्याक्षर एकच. उच्चार मात्र भिन्न. मूल हा भेद नियमाने नव्हे, तर ऐकून शिकते. नवा शब्द ज्याने केवळ वाचला आहे, कधी ऐकलेला नाही, त्याचा उच्चार वेगळा होणे स्वाभाविक आहे. तो अज्ञानाचा नव्हे, स्वतः वाचल्याचा पुरावा होय.

म्हणून शिक्षकांनी पुढील विवेक बाळगावा. संगणक शब्द ऐकून नव्हे, अक्षरे पाहून आज्ञा पाळतो. एक अक्षर चुकले तरी काम अडते. यास्तव स्पेलिंगबाबत काटेकोर राहावे. नवा शब्द फळ्यावर लिहून त्याची फोड व अर्थ सांगावा, रूढ असलेले दोन्ही उच्चार वर्गाकडून म्हणवून घ्यावेत. तोंडी परीक्षेत केवळ उच्चारभेदासाठी गुण कापू नयेत, आणि उच्चारावरून कोणी हसत असल्यास त्यास तत्काळ समज द्यावी.

खेड्यातील मुलाने धीर करून नवा शब्द उच्चारला आणि वर्ग हसला, तर पुढच्या वेळी ते मूल प्रश्नच विचारणार नाही. उच्चार कालांतराने सुधारतो. मिटलेले तोंड उघडणे मात्र कठीण असते.