कुस्तीतला संघ : बेरीज की तालीम?

कुस्तीत एका वेळी दोघंच लढतात. खाली गेलेल्या पोराला बाहेरून कुणी हात देऊ शकत नाही. मग ‘साताऱ्याचा संघ’, ‘सांगलीचा संघ’ असं आपण म्हणतो, तेव्हा नेमकं काय म्हणत असतो?

एक उत्तर हिशेबाचं आहे. जागतिक स्पर्धेत सुवर्णाला २५ गुण, रौप्याला २०, कांस्याला १५. त्यांची बेरीज म्हणजे संघाचे गुण. म्हणजे बघा, दोन कांस्यवाला संघ ३० वर आणि एक सुवर्णवाला २५ वर. यात चूक काही नाही. पण ५७ किलोच्या मल्लाने ९७ किलोच्या मल्लासाठी काय केलं, हे त्या बेरजेत दिसत नाही. आम्ही वर्गात ढीग आणि शरीर यांतला भेद शिकवायचो. ढिगातले दाणे नुसते शेजारी असतात. शरीरात बोट ठेचलं तर डोळ्यांत पाणी येतं. गुणतक्ता हा ढीग आहे.

प्रो रेसलिंग लीगने २०१७ च्या हंगामात वेगळी युक्ती केली. नऊ वजनगट, प्रत्येक संघाने समोरच्याचा एक गट ‘ब्लॉक’ करायचा, उरलेल्या सात कुस्त्या खेळायच्या. इथे निदान डावपेच तरी संघाचा झाला. पण वर्षभर मेहनत केलेला मल्ल भारी आहे म्हणूनच बाकावर बसतो! प्रेक्षकांना मजा येते, त्याला विचारा.

अमेरिकेत २००६ साली इंटरनॅशनल फाइट लीग निघाली. मिश्र मार्शल आर्ट्स, म्हणजे ज्याला पोरं एमएमए म्हणतात, त्यातल्या संघांची. पाच वजनगट, पाच लढती, तीन जिंकेल तो संघ विजयी. पहिल्या वर्षी जिंकला क्वाड सिटी सिल्व्हरबॅक्स. त्यांचे प्रशिक्षक पॅट मिलेटिच, आणि मिलेटिच यांची आयोवात स्वतःची जुनी तालीम होती. लीग २००८ मध्ये बंद पडली. आम्हाला यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की जिंकणाऱ्यांच्या मागे आधीपासून एक तालीम उभी होती.

आपल्याकडे हे सांगावं लागत नाही. साताऱ्या-सांगलीची किती पोरं कोल्हापूरच्या तालमींत एकत्र राहतात, एका हौद्यात जोड धरतात, एकाच वस्तादाच्या शिव्या खातात. पुढे जिल्ह्याच्या निवडीत वेगळी होतात आणि समोरासमोरही येतात. २०२२ ला साताऱ्यात महाराष्ट्र केसरी झाली, २०२३ ला सांगलीत महिलांची पहिली. ती सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने जिंकली. अशा वेळी छातीवरचं नाव जिल्ह्याचं असतं, अंगातला डाव मात्र जोडीदाराने शंभरदा पडून पक्का करून दिलेला असतो. आता सांगा, त्याचा संघ कुठला?

खाशाबा जाधव हे कराडजवळच्या गोळेश्वरचे. १९५२ ला हेलसिंकीत त्यांना कांस्य मिळालं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. ‘वैयक्तिक’ हा शब्द नियमाप्रमाणे बरोबरच आहे. पण त्यांना पाठवायला पैसे नव्हते, तेव्हा लोकांनी वर्गणी काढली आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर सात हजारांना गहाण टाकलं. कुस्ती न खेळलेला हा माणूस कोणत्या वजनगटात धरायचा?

चला, इथे थांबतो. मागच्या रांगेतून केव्हाचा एक हात वर आहे, आधी तो प्रश्न घेऊ.