डॉनीने लेफ्टीला फसवले काय?

आमच्या वस्तीतील वाचनालयात रविवारी रात्री जेवणे आटोपली की दहा-पंधरा माणसे जमतात. वर्तमानपत्रे चाळून झाली की कोणीतरी एखादे पुस्तक मोठ्याने वाचतो आणि बाकीचे ऐकतात. ही रीत जुनी आहे. ज्यांना अक्षर लागत नाही अशी वडीलधारी माणसेही त्यामुळे चांगली वाचक झाली आहेत, आणि त्यांची मते आम्हा शिकलेल्यांना पुष्कळदा गप्प करतात. गेल्या पावसाळ्यात एका इंग्रजी पुस्तकावरून येथे जो वाद माजला, त्याची हकीकत वाचकांपुढे ठेवावी असे आम्हास वाटते.

पुस्तकाचे नाव 'डॉनी ब्रास्को'. कुरियरचे काम करणाऱ्या आमच्यातील एका तरुणाला ते रद्दीच्या दुकानात मिळाले. पोलीस आणि माफियाची कादंबरी, म्हणून त्याने ती आणली आणि सात रविवार एकेक भाग मराठीत सांगितला. दुसऱ्या रविवारी त्यालाच उलगडा झाला की ही कादंबरी नव्हे, घडलेली गोष्ट आहे. जो लिहितो आहे, तोच यातला पोलीस.

त्याचे खरे नाव जोसेफ पिस्टोन. अमेरिकेच्या केंद्र सरकारची जी तपासयंत्रणा आहे, एफबीआय, तिच्यात तो नोकरीला होता. इटालियन वंशाचा, न्यू जर्सीतील पॅटर्सन या कामगारांच्या गावात वाढलेला. १९७६ साली त्याला 'डॉनी ब्रास्को' या नावाने न्यूयॉर्कच्या गुन्हेगारांत सोडण्यात आले. सोंग घ्यायचे होते जडजवाहीर चोरणाऱ्याचे, म्हणून तो हिरे-माणके पारखायला शिकला. कचेरीतून त्याची नावनिशाणी पुसली गेली. बरोबरीच्या सहकाऱ्यांनाही तो कोठे गेला याचा पत्ता नव्हता.

न्यूयॉर्कमध्ये माफियाच्या पाच टोळ्या. टोळीला ते 'कुटुंब' म्हणतात. त्यांपैकी बोनानो कुटुंबातील लेफ्टी रुजेरो नावाच्या पन्नाशीच्या माणसाने डॉनीला पंखाखाली घेतले. कसे बोलावे, कोणापुढे गप्प राहावे, पैसा वर कसा पोचवावा, हे सारे त्यानेच शिकवले. त्यांच्यात ओळख करून देण्याचीही एक रीत आहे. 'हा माझा मित्र' म्हटले तर तो नुसता ओळखीचा, आणि 'हा आपला मित्र' म्हटले तर तो शपथ घेतलेला सभासद. डॉनी शेवटपर्यंत 'माझा मित्र'च राहिला. परंतु ज्याने कोणाला 'माझा' म्हटले, त्याने आपली मान त्याच्या हाती दिली असा तिथला कायदा. तो माणूस पोलीस निघाला, तर मरायचे त्याला आणणाऱ्याने.

येथेच आमच्या गिरणीवाल्या बाबांनी हात वर केला. ते साचेखात्यात जॉबर होते. वय ऐंशीच्या घरात.

"अरे, हा लेफ्टी म्हणजे जॉबर आणि डॉनी म्हणजे बदली," बाबा म्हणाले. "मीपण माझ्या शब्दावर गावाकडची तीन पोरं कामाला लावली होती. त्यातल्या एकानं कापड चोरलं. साहेबानं त्याला नाही विचारलं, मला विचारलं. चार दिवस मान वर करता आली नाही. ह्या लेफ्टीची तर मानच जायची होती! त्यानं पोराला भाकरी दाखवली आणि पोरानं त्याचा घात केला."

बाबांचे म्हणणे बहुतेकांना पटले. आम्हालाही पटले, हे कबूल करतो. कारण हा लेफ्टी सिनेमातल्यासारखा महालात राहणारा डॉन नाही. मॅनहॅटनच्या खालच्या अंगाला, भाड्याच्या घरांच्या एका मोठ्या वसाहतीत तो राहतो. घोड्यांच्या शर्यतीचा नाद, डोक्यावर कर्ज. जे मिळवतो त्यातला हिस्सा वरच्याला, आणि तो वरचा आणखी वरच्याला. वर्षानुवर्षे चाकरी करून बढती मात्र दुसऱ्यालाच. असे माणूस आपल्या ओळखीचे वाटते. त्याने किती जणांचे रक्त सांडले, हे वाचकाच्या ध्यानातून निसटते. पुस्तकाची ही ताकद आहे आणि धोकाही.

आमच्यातले निवृत्त हवालदार काका मात्र संतापले. "बाबा, चोराला चोर म्हणायला लाजायचं काय? त्यानं नोकरी केली. उलट किती सांभाळून केली ते बघा." काका म्हणतात ते खोटे नाही. डॉनीला हाती कागद ठेवता येत नव्हता. ऐकलेली नावे डोक्यात साठवायची आणि संधी मिळेल तेव्हा आपल्या अधिकाऱ्याला फोन करायचा. कधी अंगावर छोटे ध्वनिमुद्रण यंत्र लपवलेले, आणि समोरचा गळ्यात हात टाकून बोलतो आहे. त्यातही, आपण होऊन कोणाला गुन्ह्यास प्रवृत्त करायचे नाही, नाहीतर न्यायालयात खटला टिकत नाही. काकांना त्यातली मेहनत ठाऊक, म्हणून त्यांना डॉनीचे कौतुक. या कामगिरीतून पुढे दोनशेहून अधिक लोकांवर आरोप ठेवले गेले आणि शंभरावर लोक दोषी ठरले.

कॉलेजात जाणाऱ्या दोन मुलांना यातले काहीच नको होते. त्यांना क्लब, सूट, नोटांची बंडले आणि चोरीच्या मालाने भरलेले ट्रक हवे होते. तेव्हा टेम्पो चालवणारे एक गृहस्थ, जे एरवी तोंड उघडत नाहीत, ते म्हणाले, "ट्रक लुटला म्हणता. मग त्या ड्रायव्हरचं काय झालं ते लिहिलंय का?" सांगणाऱ्या तरुणाने बरीच पाने उलटली. काही वेळा ड्रायव्हरच सामील असतो, एवढे त्याने सांगितले. "आणि नसतो तेव्हा?" याला उत्तर मिळाले नाही. ज्यांचा माल गेला, ज्यांना व्याजापायी मार बसला, त्यांना या पुस्तकात चेहरा नाही. आमच्या मते हा त्यातला मोठा उणेपणा आहे.

मे १९८१ मध्ये बोनानो कुटुंबात आपसांत फाटले आणि तीन म्होरके एकाच दिवशी मारले गेले. लेफ्टीचा वरिष्ठ सॉनी ब्लॅक नापोलितानो याचे पारडे जड झाले. त्याने डॉनीवर काम सोपवले की मेलेल्यांपैकी एकाचा मुलगा ब्रुनो निसटला आहे, त्याला संपव. ते केले असते तर डॉनी 'आपला मित्र' होण्याच्या वाटेवर होता. सरकारने तिथेच खेळ थांबवला. जुलै १९८१ अखेर एफबीआयची माणसे ब्रुकलिनमध्ये सॉनीच्या अड्ड्यावर गेली आणि डॉनी आमचा माणूस आहे असे त्यांनी त्याला सांगितले.

हा सॉनी गच्चीवर कबुतरे पाळायचा. ऑगस्टमध्ये त्याला बैठकीचे बोलावणे आले. कशाचे, हे त्याला कळले असणार. त्याने पोलिसांचा आसरा घेतला नाही. अंगावरचे दागिने आणि किल्ल्या ओळखीच्या माणसाकडे देऊन तो गेला. पुढच्या वर्षी त्याचे प्रेत सापडले, तेव्हा दोन्ही हात तोडलेले होते. हा भाग ऐकताना वाचनालयात कोणी खोकलेही नाही.

मग एक ताई बोलल्या. त्यांचा धाकटा भाऊ काही वर्षांपूर्वी अशाच संगतीत गेला आणि परत आला नाही, हे आम्हा सर्वांस ठाऊक आहे. त्या बाबांना म्हणाल्या, "बाबा, माझ्या भावालापण कुणीतरी 'माझा माणूस' म्हणालं होतं. त्याला कुणी पोलिसानं नाही फसवलं. ज्यांनी गळ्यात हात टाकले, त्यांनीच नेला. सॉनीलापण त्याच्याच लोकांनी मारलं ना?"

बाबा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ते खरं आहे, पोरी." तरी "शब्द तो शब्द" हे पालुपद त्यांनी सोडले नाही.

लेफ्टीची गोष्ट निराळी झाली. त्यालाही मारायचे ठरले होते, पण त्याआधीच पोलिसांनी त्याला पकडले. म्हणजे ज्या सरकारने त्याला फसवले, त्याच सरकारच्या बेड्यांनी त्याचा जीव वाचवला. त्याने कोणाविरुद्ध तोंड उघडले नाही. शिक्षा भोगून १९९२ साली सुटला आणि १९९४ साली कर्करोगाने गेला. १९९७ च्या इंग्रजी चित्रपटात ही भूमिका अल पचिनोने केली आहे. त्यात लेफ्टी दागिने काढून ठेवतो आणि मरायला निघतो, असे दाखवले आहे. सॉनीचे मरण त्यांनी लेफ्टीला देऊन टाकले. आमच्या दोन विद्यार्थ्यांनी तो आधी पाहिलेला, त्यामुळे खरी हकीकत ऐकून ते चिडले. त्यांच्या मते चित्रपटाचा शेवट सरस होता!

पण ज्या मतावर आम्ही अजून अडून आहोत, ते सर्वांत उशिरा आले. आमच्या मावशी घरकाम करतात. दमून येतात आणि ऐकता ऐकता डुलकी घेतात असा आमचा समज होता. पिस्टोनला बायको आणि तीन मुली होत्या. जवळजवळ पाच वर्षे तो महिनोन्‌महिने घरी गेला नाही. नवरा नेमके काय करतो हे तिला सांगायची सोय नव्हती. मधल्या काळात मोटारीच्या अपघातात ती गंभीर जखमी झाली. तो आला, थोडे दिवस थांबला आणि पुन्हा लेफ्टीकडे गेला. पुढे त्याच्या जिवावर पाच लाख डॉलरचे बक्षीस लागले म्हणून साऱ्यांना नाव बदलून राहावे लागले. सरकारने त्याला वर बक्षीस दिले ते पाचशे डॉलरचे.

मावशी म्हणाल्या, "तुम्ही सात आठवडे भांडताय, त्यानं लेफ्टीला फसवलं का नाही. त्या बाईला कुणी विचारलं का? चोरांनी टोळीला कुटुंब म्हणायचं, आणि ह्यानं त्या कुटुंबाला जेवढे दिवस दिले तेवढे पोरींना नाही दिले. ती एकटी कशी राहिली, ते का नाही लिहिलं त्यानं?"

लिहिले आहे, पण थोडे. आम्ही पाने मोजायला सांगितली तेव्हा सांगणारा तरुण ओशाळून हसला. हवालदार काकांनी तर मान खाली घातली. रात्रपाळ्या आणि बंदोबस्त यांत त्यांच्या मुलांचे बालपण निघून गेले, हे त्यांनी मागाहून बाहेर पायरीवर बसून आम्हास सांगितले.

पुस्तक आता वाचनालयाच्या कपाटात आहे. नोंदवहीत ते प्रथम 'कादंबरी' या सदरात चढवले होते. ते खोडून 'आत्मकथन' लिहिले आहे. बाबांना हे मान्य नाही, त्यांच्या मते ते 'पोलिसाची बाजू' असे लिहायला हवे होते. मागणीच्या यादीत पहिली दोन नावे त्या विद्यार्थ्यांची आहेत. तिसरे नाव मावशींचे. त्यांची नात इंग्रजी शाळेत सातवीला आहे, ती वाचून दाखवणार आहे. पण सगळे नको, फक्त त्या बाईची पाने, असे मावशींनी बजावून ठेवले आहे.