टक्, टक्, टक्

जबलपूरच्या रामपूर भागात शक्तिभवन आहे. तिथून जवळच, नयागावला, मध्य प्रदेशाचं भार प्रेषण केंद्र. पार नीमचच्या टोकापर्यंतच्या राज्याच्या वीजजाळ्यावर इथून नजर असते: कुठल्या उपकेंद्रावर किती भार, वारंवारता 50 हर्ट्‌झच्या किती आसपास.

असाच कारभार एका कपाटातही मावतो, हे कळलं तेव्हा मला गंमत वाटली. सर्व्हरचं रॅक म्हणजे माणसाहून थोडं उंच लोखंडी कपाट. त्याच्या पाठीशी उभी पट्टी असते, पीडीयू. दिसायला आपल्या एक्स्टेंशन बोर्डासारखीच. पण चांगल्या पट्टीत प्रत्येक सॉकेटमागे रिले, म्हणजे विजेने चालणारा स्विच, असतो, विजेचं मोजमापही होतं. अशा पट्ट्या एकमेकींना साध्या नेटवर्क केबलने जोडतात, आगगाडीच्या डब्यांसारख्या. नेटवर्कवर पत्ता एकाच पट्टीला, इंजिनाला. तिला सांगितलं, की पाचव्या डब्यातलं बारावं सॉकेट बंद होतं. सांगणारा नागपुरात बसला असला तरी चालतं.

मधली केबल निसटली तर? साध्या साखळीत पुढच्या पट्ट्या बोलेनाशा होतात, पण वीज चालूच राहते. तिची वाट वेगळी. शेवटचं टोक नेटवर्कला जोडून कडं केलेलं असेल, तर निरोप उलट्या बाजूनेही पोचतो.

खरी कसोटी मात्र वीज गेल्यावर नाही, आल्यावर लागते. सुरू होताना सर्व्हरचा पॉवर सप्लाय क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढतो. चाळीस मशीन एकदम उठली, की एमसीबी पडलाच म्हणून समजा. म्हणून पट्टीला क्रम शिकवतात: आधी नेटवर्क स्विच, मग डिस्कचं कपाट, मग सर्व्हर, मध्ये काही सेकंदांचं अंतर.

वीजजाळं उभं करतानाही घाई चालत नाही. 31 जुलै 2012 रोजी उत्तर, पूर्व आणि ईशान्य ग्रिड कोसळल्या. मध्य प्रदेश ज्या पश्चिम ग्रिडमध्ये येतो, ती तगली. कोसळलेला भाग तुकड्यातुकड्यानेच उठवावा लागतो: थोडी निर्मिती, तेवढाच भार. सुरुवातीला जलविद्युत संच फार उपयोगी, कारण ते अल्पशा विजेवर चालू होतात. जबलपूरजवळ बर्गीला 45 मेगावॉटचे असे दोन संच आहेत.

सर्व्हरच्या कपाटाला कान लावला, तर पट्टीला शिकवलेला क्रम रिलेंच्या आवाजात ऐकूही येतो. टक्. थोडं थांबून, टक्. मग पंख्यांची घरघर.