ब्रेकअपनंतरचं काउंटर

दोन देशांचं ब्रेकअप झालं की झेंडे उतरतात, राजदूत बॅगा भरतात, दोन्हीकडून कडक स्टेटमेंट्स येतात. ठीक आहे. पण तिकडे राहणाऱ्या बहिणीला भेटायला जायचं, तर व्हिसाचा शिक्का कोण मारणार?

त्यासाठी डिप्लोमसीत एक भन्नाट जुगाड आहे, ‘इंटरेस्ट्स सेक्शन’! दोघांनाही चालणारा तिसरा देश आपल्या दूतावासाच्या छत्राखाली तुमचं टेबल मांडून देतो.

माझं फेव्हरेट उदाहरण हवानाचं. 3 जानेवारी 1961 ला अमेरिकेने क्युबाशी संबंध तोडले. समुद्राकाठच्या मालेकॉन रस्त्यावरचा तिचा दूतावास बंद पडला आणि काम स्वित्झर्लंडकडे गेलं. 1977 मध्ये अमेरिकन अधिकारी त्याच इमारतीत परतले, पण कागदोपत्री स्विस दूतावासाचा भाग म्हणून! वॉशिंग्टनमध्ये क्युबाची माणसंही अशीच चेकोस्लोव्हाकियाच्या नावावर बसली. प्रमुखाला राजदूत म्हणायचं नाही, एवढंच पथ्य.

भांडण मात्र जोरात. 2000 मध्ये क्युबाने इमारतीच्या समोरच निदर्शनांसाठी अख्खा चौक बांधला. 2006 मध्ये अमेरिकेने वरच्या मजल्यावर बातम्या आणि टोमणे पळवणारा इलेक्ट्रॉनिक बोर्ड लावला, तर क्युबाने तो झाकायला शंभराहून जास्त काळे झेंडे उभे केले. सोसायटीतली पार्किंगची भांडणं याहून मॅच्युअर असतात!

आणि खाली व्हिसाचं काम चालूच. 1994 च्या करारानुसार अमेरिकेला वर्षाला किमान 20,000 क्युबन लोकांना कायम राहायला प्रवेश द्यायचा होता. त्यांच्या मुलाखती, त्यांची कागदपत्रं, सगळं याच नावापुरत्या ऑफिसात.

20 जुलै 2015 ला दोन्हीकडे पुन्हा रीतसर दूतावास झाले. 14 ऑगस्टला हवानात झेंडा चढला, तेव्हा 1961 मध्ये तो उतरवणारे तिघे मरीन्स म्हातारे होऊन हजर होते. सही सीन!

पण मला चटका लावते ती पुढची गोष्ट. अमेरिकन कर्मचाऱ्यांना गूढ त्रास होऊ लागला, म्हणून 2017 मध्ये बहुतेक स्टाफ परत बोलावला गेला. आता झेंडा होता, ‘दूतावास’ अशी पाटी होती आणि व्हिसाचं काउंटर जवळपास बंद. आईकडे, नवऱ्याकडे कायमचं जायला निघालेल्या क्युबन लोकांना मुलाखतीसाठी आधी कोलंबियात, मग 2018 पासून थेट गयानाच्या जॉर्जटाउनला जावं लागलं. विमानाचं भाडं, तिथला मुक्काम, सगळं स्वखर्चाने. हवानातलं हे काम पूर्णपणे परत सुरू व्हायला जानेवारी 2023 उजाडला.